बातमीतला शब्द कोणाचा? निःपक्ष कॉपी लिहिण्याची पायरीवार पद्धत

तालुक्याहून येणाऱ्या कॉप्यांमध्ये, म्हणजे बातम्यांच्या मजकुरांत, पक्षपात शोधायला गेले, तर तो मतांमध्ये क्वचितच सापडतो. बातमीत मत लिहायचे नाही, हे बहुतेक वार्ताहरांना पाठ असते. पक्षपात सापडतो तो 'मुजोर', 'चक्क', 'सौम्य', 'अखेर' अशा शब्दांत. आणि गंमत म्हणजे हे शब्द वार्ताहराचे नसतातच. कोणाच्या तरी प्रेसनोटमधून, पत्रकातून, व्हॉट्सॲप ग्रुपवरून ते आलेले असतात आणि डेडलाइनच्या घाईत तसेच छापले जातात.

त्यामुळे खालच्या सगळ्या पायऱ्यांमध्ये एकच प्रश्न फिरून फिरून येईल: हा शब्द कोणाचा? उत्तर 'माझा, कारण मी पाहिले' किंवा 'कागदाचा, तो माझ्याकडे आहे' असे असेल तर शब्द तुमच्या वाक्यात राहू द्या. उत्तर 'त्यांचा' असेल तर तो त्यांच्याच तोंडी घाला किंवा काढून टाका.

सरावासाठी एक रचलेला प्रसंग घेऊ. एका शहरात बसस्थानकासमोरचे गाडे हटवले गेले. रात्री आठ वाजता तुमच्या हातात दोन कागद आहेत.

पालिकेची प्रेसनोट: "बसस्थानक परिसरातील ४२ अनधिकृत अतिक्रमणांवर पालिकेने धडक कारवाई केली. मुजोर फेरीवाल्यांनी पथकावर हल्ला चढवला असता पोलिसांनी सौम्य लाठीमार करून परिस्थिती आटोक्यात आणली."

विक्रेता संघटनेचे पत्रक: "गोरगरिबांच्या पोटावर पालिकेचा बुलडोझर. शांतपणे दाद मागणाऱ्या महिलांवर पोलिसांचा अमानुष लाठीहल्ला."

सर्वाधिक होणारी चूक म्हणजे पहिल्या कागदाचा इंट्रो (बातमीचा सुरुवातीचा परिच्छेद) करायचा आणि दुसऱ्याची शेवटी दोन ओळींची चौकट. दोन्ही बाजू आल्या, असे समाधान मिळते. प्रत्यक्षात बातमीची भाषा पूर्ण पालिकेची राहते.

पायरी १: लिहिण्याआधी तीन रकाने

कॉपी उघडण्याआधी वहीत तीन रकाने पाडा: पाहिलेले, कागदावरचे, सांगितलेले.

पाहिलेले म्हणजे तुम्ही किंवा तुमच्या छायाचित्रकाराने जागेवर पाहिलेले. मूळ व्हिडिओ, त्याची जागा आणि वेळ पडताळली असेल तर तोही इथे येईल. फिरत आलेला व्हिडिओ इथे येत नाही. कागदावरचे म्हणजे पंचनामा, नोटीस, रुग्णालयाची नोंद, फिर्यादीची प्रत, न्यायालयाचा आदेश. उरलेले सगळे तिसऱ्या रकान्यात, सांगणारा मुख्याधिकारी असो की टपरीवाला.

आपल्या प्रसंगात पहिल्या रकान्यात येईल: गाडे उचलले गेले, गर्दीतून दगड आले, पोलिसांनी लाठ्या चालवल्या. दुसऱ्यात येईल: जप्तीच्या नोंदीतला ४२ हा आकडा, उपजिल्हा रुग्णालयातल्या जखमींची नोंद. तिसऱ्यात येईल: अनधिकृत, मुजोर, हल्ला, सौम्य, अमानुष, शांतपणे. दोन्ही कागदांतले भडक शब्द एकाच रकान्यात येऊन बसले, हे लक्षात घ्या.

*तपासा:* तिसऱ्या रकान्यातला एकही शब्द उगमाशिवाय इंट्रोत गेला आहे का? गेला असेल तर इंट्रो पुन्हा लिहा. डेस्कवर (कार्यालयात कॉपी संपादित करणाऱ्यांकडे) दुरुस्त होईल, अशी आशा धरू नका. पान लागायच्या वेळी डेस्क शब्द मोजतो, उगम शोधत बसत नाही.

पायरी २: नामे आणि विशेषणे कायद्याच्या कसाला लावा

काही शब्द साधे दिसतात, पण ते निकाल असतात. 'अनधिकृत' हा त्यातला पहिला. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानुसार सर्वेक्षण पूर्ण होऊन विक्री प्रमाणपत्रे दिली जाईपर्यंत विद्यमान विक्रेत्याला हटवता येत नाही, आणि प्रमाणपत्रधारकाला ठरलेल्या जागेवरून हलवायचे तर ३० दिवसांची नोटीस द्यावी लागते. म्हणजे गाडा अनधिकृत आहे की नाही, हे प्रेसनोट ठरवत नाही. फोन उचलून तीन प्रश्न विचारा: शहरात सर्वेक्षण झाले आहे का? या ४२ जणांपैकी कोणाकडे प्रमाणपत्र होते? नोटीस कधी दिली? उत्तरे येईपर्यंत तुमचा शब्द 'गाडे आणि टपऱ्या' एवढाच.

गुन्ह्याच्या बातमीत हा कस आणखी कडक लागतो, कारण तिथे प्रत्येक टप्प्याला स्वतःचा शब्द आहे आणि आपण एकदम शेवटच्या टप्प्यावर उडी मारतो:

- तक्रार अर्ज दिला म्हणजे गुन्हा दाखल झाला असे नाही. अदखलपात्र नोंद म्हणजेही तसे नाही.
- गुन्हा दाखल झाला, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ खाली माहिती नोंदवली गेली. इथून 'फिर्यादीत म्हटले आहे' असे लिहा. १ जुलै २०२४ पासून नव्या संहिता लागू आहेत. त्याआधीच्या घटनांना मात्र जुनी कलमे लागतात, ती फिर्यादीतून पाहूनच उतरवा.
- पकडलेला माणूस संशयित किंवा आरोपी असतो. 'चोरटा', 'नराधम', 'भामटा' हे शब्द निकालाआधी नकोत. निकालानंतरही 'नराधम' कशाला, हा माझा प्रश्न आहे, 'दोषी' पुरतो.
- दोषारोपपत्र पोलीस दाखल करतात, आरोपनिश्चिती न्यायालय करते. दोन्हींना 'आरोप सिद्ध' म्हणणे ही गंभीर चूक आहे.
- 'दोषमुक्त' म्हणजे खटला उभा राहण्याआधीच वगळले. 'निर्दोष मुक्तता' म्हणजे खटला चालून सुटका. जामीन या दोन्हींपैकी काहीच नाही.

'क्लीन चिट' हा शब्द तर पूर्ण बंद करा. कोणतीही यंत्रणा अशी चिठ्ठी देत नाही. महाराष्ट्रात पोलीस तपास थांबवताना न्यायालयाला समरी अहवाल देतात. 'अ' म्हणजे गुन्हा खरा पण आरोपी सापडला नाही, 'ब' म्हणजे तक्रार खोटी, आणि 'क' म्हणजे गैरसमजातून किंवा दिवाणी स्वरूपाच्या वादातून नोंदलेली. तिघांचा अर्थ टोकाचा वेगळा आहे. कोणता अहवाल, आणि न्यायालयाने तो स्वीकारला का, हे लिहा.

*सावधान:* 'आरोपीने गुन्ह्याची कबुली दिली' हे वाक्य पोलीस ठाण्यातून रोज येते. पोलिसांपुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. पूर्वी पुरावा कायद्याच्या कलम २५ मध्ये आणि आता भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम २३ मध्ये हेच आहे. सुशांतसिंह राजपूत प्रकरणातल्या वृत्तांकनावर मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये निकाल दिला. माध्यमांनी काय टाळावे, याच्या त्यातल्या यादीत अशी कबुली ग्राह्य पुरावा असल्यासारखी छापणेही आहे. लिहायचेच असेल तर 'कबुली दिल्याचा दावा पोलिसांनी केला' असे लिहा आणि तिचे कायद्यातले स्थान पुढच्याच वाक्यात सांगा.

राजकारणात नाव हेच मत होते. जून २०२२ मध्ये एकनाथ शिंदे आमदारांसह शिवसेना नेतृत्वापासून वेगळे झाले, त्यानंतर 'बंड', 'उठाव', 'गद्दारी' असे तीन शब्द एकाच घटनेसाठी फिरत होते आणि शब्द वाचून वर्तमानपत्र कोणाचे, ते कळत होते. 'फूट' हा शब्द सगळ्यांच्या जवळ होता, पण तो पानावर फार कमी दिसला. अशा वेळी नोंद असलेले नाव धरा. निवडणूक आयोगाने १७ फेब्रुवारी २०२३ रोजी शिवसेना हे नाव आणि धनुष्यबाण एकनाथ शिंदे यांच्या पक्षाला दिले. दुसऱ्या पक्षाचे नाव शिवसेना (उद्धव बाळासाहेब ठाकरे). राष्ट्रवादीबाबत असाच निर्णय ६ फेब्रुवारी २०२४ रोजी आला. 'खरी शिवसेना', 'नकली शिवसेना' हे अवतरणातच. आयोगाचा निर्णय मान्य नसलेल्यांचे म्हणणेही बातमीत येईल, पण नावातून नव्हे.

बेळगावच्या बातमीत हात सगळ्यात जास्त थरथरतो, कारण तिथे वाचक आपला असतो. 'कर्नाटकव्याप्त' हा शब्द एका बाजूचा दावा आहे आणि महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. 'सीमाभाग' लिहा. वाचकाची सहानुभूती कोणाकडे आहे ते ठाऊक असणे आणि त्या सहानुभूतीच्या भाषेत बातमी लिहिणे, या वेगळ्या गोष्टी आहेत.

पायरी ३: क्रियापदांची जोडी जुळवा

मराठीत कर्ता लपवणे फार सोपे आहे: 'करणे'च्या जागी 'होणे' ठेवले की झाले. 'फेरीवाल्यांनी दगडफेक केली, त्यानंतर लाठीमार झाला.' दगड फेकणारे दिसले. लाठी मारणारे वाक्यातून गायब. उलट पत्रकात पोलीस ठळक दिसतात आणि दगड कुठेच नसतात.

नियम असा: कर्ता माहीत असेल तर दोन्हीकडे 'करणे'. माहीत नसेल तर तेवढ्याच ठिकाणी 'होणे'. आपल्या प्रसंगात दगड कोणी फेकले, हे दिसलेले नाही, म्हणून 'गर्दीतून दगड फेकले गेले'. लाठ्या कोणी चालवल्या, हे दिसले, म्हणून 'पोलिसांनी लाठीमार केला'. इथे दोन वाक्ये असमान दिसतील, पण ती तुमच्या माहितीमुळे असमान आहेत, पसंतीमुळे नाहीत.

आता प्रेसनोटमधला 'असता' पाहा. 'हल्ला चढवला असता लाठीमार केला.' हा चिमुकला शब्द आधी काय झाले आणि कशामुळे झाले, दोन्ही ठरवून टाकतो. क्रम तुम्ही पाहिला नसेल तर 'असता', 'त्यामुळे', 'प्रत्युत्तरादाखल' काढा आणि लिहा: आधी दगडफेक झाली, असे पोलिसांचे म्हणणे आहे, आधी लाठीमार झाला, असे संघटना सांगते. वाक्य कुरूप होईल. होऊ द्या.

'सौम्य' आणि 'अमानुष' हे मोजता येत नाहीत. जखमी किती, कोणाला कुठे मार, किती जण दाखल, हे मोजता येते. आकडा दिला की विशेषणाची गरज उरत नाही.

बोलण्याची क्रियापदेही अशीच तपासा. 'म्हणाले' आणि 'सांगितले' निर्धोक आहेत. 'स्पष्ट केले', 'निदर्शनास आणून दिले' म्हणजे तुम्ही ते खरे मानले. 'कबूल केले' म्हणजे आधी लपवले होते. 'दावा केला' म्हणजे तुम्हाला शंका आहे. तो एकाच बाजूला वापरला की पक्षपात झाला. 'टोला लगावला', 'तोफ डागली', 'हल्लाबोल', 'गरळ ओकली' यांत नेता नेमके काय बोलला तेच हरवते.

न्यायालयाच्या बातमीत 'फटकारले' आणि 'ताशेरे ओढले' यांचा सुकाळ असतो. न्यायमूर्तींनी सुनावणीत विचारलेला प्रश्न हा आदेश नसतो. तोंडी टिप्पणी असेल तर 'तोंडी' हा शब्द घालाच. ताशेरे लेखी आदेशात असतील तरच ताशेरे.

पायरी ४: चिल्लर शब्द चाळून काढा

चक्क, केवळ, तब्बल, अखेर, मात्र, तर, -च. सर्च करून एकेक पाहा. 'पालिकेने अखेर कारवाई केली' म्हणजे कारवाई व्हायलाच हवी होती. 'केवळ दोन जखमी' जखमीच्या घरी वाचून दाखवता येईल का? 'मात्र' फार फसवा: ज्याचे वाक्य 'मात्र'नंतर येते, तो जिंकतो. दोन बाजू जोडताना 'मात्र'ऐवजी पूर्णविराम वापरा.

पायरी ५: माणसाची ओळख किती आणि कशी

पहिली तपासणी आदराची. एकाच पानावर बांधकाम व्यावसायिक आरोपी 'ते' असतात आणि मजूर आरोपी 'तो' होतो. आरोपींना एकवचन लिहायची तुमच्याकडे पद्धत असेल तर आमदारालाही एकवचन लिहा. जमत नसेल तर सगळ्यांना अनेकवचन द्या. स्त्रियांचेही तसेच: अधिकारी 'त्या' आणि भाजीवाली 'ती', हे बंद. भाजीवाल्या 'त्या'च.

दुसरी जातीधर्माची. भारतीय प्रेस परिषदेच्या (प्रेस कौन्सिल ऑफ इंडिया) आचारसंहितेत जातीचा उल्लेख टाळावा असे आहे, विशेषतः त्यातून त्या जातीबद्दल हीन अर्थ निघत असेल तेव्हा. अपघात, चोरी, भांडण यांत जात काढा. पण अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालच्या गुन्ह्यात जात हीच बातमी असते. तिथे 'दोन गटांत वाद' असे गुळमुळीत लिहिणे हाही पक्षपात आहे, आणि माझ्या मते जास्त वाईट, कारण तो सभ्य दिसतो. एकाने मारले आणि दुसऱ्याने मार खाल्ला, तर ती 'हाणामारी' नव्हे.

तिसरी स्त्रियांवरच्या गुन्ह्यांची. 'एकतर्फी प्रेमातून खून' ही खुन्याची कैफियत आहे. 'नकार दिल्यानंतर खून केल्याचा आरोप' लिहा. 'दोन मुलांची आई पळाली' यात बातमी किती आणि शेरा किती, ते स्वतःच ठरवा.

*सावधान:* लैंगिक गुन्ह्यातल्या पीडितेची ओळख उघड करणे भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे. मुलांबाबत पॉक्सो कायद्याचे कलम २३ आहे. नाव गाळले म्हणजे काम झाले असे नाही. छोट्या गावाचे नाव, वडिलांचा धंदा आणि शाळेची इयत्ता एकत्र आली की गावातल्या प्रत्येकाला मुलगी कळते. आरोपी नातेवाईक असेल तर त्याचे नावही गाळा.

आत्महत्येच्या बातमीत पद्धत, जागा, चिठ्ठीचा मजकूर मथळ्यात नको, आणि 'कर्जाला कंटाळून' असे एकच कारण तुम्ही ठरवू नका. शेवटी टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक द्या.

पायरी ६: दुसरी बाजू वेळेत मागा

रात्री पावणेअकराला फोन करून 'संपर्क होऊ शकला नाही' लिहिणे ही पळवाट आहे. आरोप हाती आल्याबरोबर फोन करा, न लागल्यास संदेश पाठवा आणि संदेशात नेमका आरोप लिहा. कॉपीत 'प्रश्न सायंकाळी पाच वाजता संदेशाने पाठवले. उत्तर आले नाही' असे यावे. उत्तर आरोपाच्या शेजारी, त्याच परिच्छेदात ठेवा.

समतोल म्हणजे समान ओळी नव्हेत. नोटीस दिली की नाही, हा वाद कागदाने सुटतो. दोन दावे शेजारी ठेवून मोकळे होण्याआधी नोटिशीची प्रत मागा. नाही मिळाली तर तेही छापा.

पायरी ७: गर्दीचा आकडा

'जनसागर' आणि 'लाखोंचा मोर्चा' हे आयोजकांचे शब्द. जागेचे क्षेत्रफळ काढा. सैल गर्दीत माणसाला साधारण १० चौरस फूट, दाट गर्दीत सुमारे ४.५ चौरस फूट लागतात. २०० बाय १०० फुटांचे मैदान पूर्ण भरले तरी सैल गर्दीत २,०००, दाट गर्दीत ४,४०० च्या आसपास माणसे होतात. आयोजकांचा, पोलिसांचा आणि तुमचा अंदाज, कोणाचा कोणता ते सांगून लिहा. सरकणाऱ्या मोर्चाला हे गणित तसेच लागू होत नाही.

पायरी ८: आता कॉपी, आणि सगळ्यात शेवटी मथळा

सात पायऱ्यांनंतर आपली बातमी अशी उभी राहते:

"बसस्थानकासमोरील ४२ गाडे आणि टपऱ्या नगरपालिकेच्या पथकाने मंगळवारी सकाळी हटवल्या. या वेळी गर्दीतून दगड फेकले गेले आणि पोलिसांनी लाठीमार केला. पालिकेचे दोन कर्मचारी आणि पाच विक्रेते जखमी असल्याची नोंद उपजिल्हा रुग्णालयात आहे. आधी दगडफेक झाली, असे पोलिसांचे म्हणणे आहे. आधी लाठीमार झाला, असे विक्रेता संघटनेने सांगितले. हे गाडे अनधिकृत होते, असे मुख्याधिकारी म्हणाले. नोटीस मिळाली नव्हती, असे संघटनेचे म्हणणे आहे. नोटिशीची प्रत पालिकेकडे मागितली. ती रात्री नऊपर्यंत मिळाली नाही."

मथळा: 'बसस्थानकासमोरील ४२ गाडे हटवले, दगडफेक, लाठीमारात सात जखमी'.

मथळा आधी सुचतो आणि मग कॉपी त्याच्या मागे फरपटते, म्हणून तो शेवटी. एकाच शब्दाला अवतरणचिन्ह लावून ('मुजोर' फेरीवाले) जबाबदारी झटकता येत नाही. कोणाचा शब्द, ते मथळ्यातच दिसले पाहिजे. प्रश्नचिन्ह लावलेला आरोप हाही आरोपच. पुश नोटिफिकेशन आणि थंबनेल वेगळा माणूस करत असेल तर तेही तुम्ही वाचल्याशिवाय जाऊ देऊ नका. कॉपीत सांभाळलेला 'आरोप' हा शब्द तिथेच पहिल्यांदा गळतो.

*तपासा:* बातमी दोनदा मोठ्याने वाचा. एकदा विक्रेत्याला वाचून दाखवतो आहोत असे समजून, एकदा मुख्याधिकाऱ्यांना. दोघेही नाराज होतील, पण 'हे खोटे आहे' असे बोट कोणत्या वाक्यावर ठेवतील, ते शोधा.

पायरी ९: चुकल्यावर

ऑनलाइन कॉपी गुपचूप बदलू नका. काय चुकले, बरोबर काय, कधी दुरुस्त केले, हे बातमीच्या वर लिहा: 'आधीच्या मजकुरात संबंधितांना दोषी म्हटले होते. त्यांच्याविरुद्ध दोषारोपपत्र दाखल झाले असून खटला सुरू आहे.' 'अनवधानाने', 'मुद्रणदोषामुळे' ही सजावट नको.

अटकेच्या बातम्यांची एक वेगळी यादी ठेवा आणि दर काही महिन्यांनी खटल्याची स्थिती पाहा. निर्दोष मुक्तता झाली असेल तर नवी बातमी करा, शिवाय जुन्या लिंकच्या पहिल्याच ओळीत निकालाची तारीख आणि न्यायालयाचे नाव टाका, कारण त्या माणसाचे नाव शोधणाऱ्याला अजूनही अटकेचीच बातमी आधी दिसत असते.